सायखेडकरांचा शिळा दसरा

सॅमसनकाकांनी सव्वीस वर्षं सायखेड्याची गाडी लावली. तिच्यात ते एकदाही बसले नाहीत.

ते नाशिकच्या सीबीएस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसत. समोर माईक, बाजूला वेळापत्रक, मागे पंखा. दिवसातून दहा-बारा वेळा त्यांचा आवाज यायचा : “ओढा, चांदोरी मार्गे सायखेडा. गाडी फलाटावर लागली आहे.” आवाज भारदस्त. चांदोरीवर जरा रेंगाळणारा. नवे कंडक्टर काचेवर टकटक करून विचारायचे, “साहेब, तुमच्या गावची गाडी निघाली. येताय का?”

कारण काकांचं नाव सॅमसन रूबेन सायखेडकर.

नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या बरोबर वर राहत. वय एक्कावन्न, लग्न झालेलं नव्हतं. मी १९९६ साली मराठी घेऊन बी. ए. झाले आणि घरी बसले. मग आमची दोस्ती झाली. मी लिहिलेलं ते वाचायचे. “प्रतिभा, वाक्य लांब आहे,” म्हणायचे. “एवढ्यात गाडी निघून जाईल.” तेव्हापासून मी आखूड लिहिते.

काका बेने इस्राएल. म्हणजे आपल्याकडचे, मराठी बोलणारे ज्यू. ते लोक सांगतात की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर फुटलं. वाचले ते तिथल्या गावांत राहिले. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. पुढे कुणी मुंबईला गेलं, कुणी पलटणीत, कुणी रेल्वेत, आणि इस्राएल देश झाल्यावर पुष्कळसे तिकडे. काकांची बहीणसुद्धा बीरशेबाला होती. माणसं कुठेही गेली तरी आडनावातलं गाव कोकणातच राहिलं.

सायखेडं मात्र कोकणात नाही. ते निफाड तालुक्यात आहे, गोदावरीच्या काठावर. बेने इस्राएल माणसाच्या नावाला हे गाव कसं चिकटलं, ते काकांना ठाऊक नव्हतं. पणजोबा हसाजी यांचा तिथे तेलाचा घाणा होता, एवढंच वडील सांगायचे.

“मग एकदा जाऊन बघा की,” मी म्हणायचे. “तीस किलोमीटर तर आहे.”

“जाईन. आणि कोणी ओळखलं नाही म्हणजे? आत्ता निदान गाडीच्या पाटीवर तरी आहे.”



१९९७च्या मे महिन्यात काका ठाण्याला कुणाच्या तरी घरी मलिद्याला गेले. मलिदा म्हणजे गोड पोहे, नारळ, फळं. प्रेषित एलियाहूच्या नावाने करतात. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “नारळ कमी आहे.” त्याच क्षणी शेजारून एक बाई म्हणाल्या, “नारळ कमी आहे.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंचं नाव दीना नवखारकर. हॉस्पिटलात सिस्टर, वय सत्तेचाळीस. आईच्या आजारपणात लग्न राहून गेलेलं.

काका परतले ते जिना शीळ घालत चढले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांनी सिन्नरची गाडी दोनदा लावली आणि पेठची लावलीच नाही. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. डेपो मॅनेजरांनी तब्येत विचारली. काका म्हणाले, “उत्तम. फारच उत्तम.”

जुलैत ते ठाण्याला रीतसर मागणी घालायला निघाले. धीर होत नव्हता म्हणून मला सोबत नेलं. एक्कावन्न वर्षांच्या नवरदेवाबरोबर बावीस वर्षांची शेजारीण. मी रस्ताभर गंभीर राहायचा प्रयत्न करत होते. जमलं नाही. काकांनी टाय लावला होता आणि दर स्टेशनाला तो सैल करून पुन्हा घट्ट करत होते.

दीनाबाईंचे मोठे भाऊ मोझेस. बँकेतून निवृत्त झालेले. भिंतीवर कोकण किनाऱ्याचा नकाशा, त्यात टाचण्या. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. समाजातलं प्रत्येक आडनाव, त्याचं गाव, तालुका. पन्नाशीपासून त्यांनी हा एकच छंद जोपासला होता.

“सायखेडं,” ते वही चाळत म्हणाले. “अलिबाग तालुका?”

“निफाड,” काका म्हणाले.

“निफाड रायगडात येत नाही.”

“नाशकात येतं.”

“तिथे समुद्र आहे?”

“गोदावरी आहे.”

मोझेसभाऊंनी वही मिटली. “सायखेडकरसाहेब, माझ्या वहीत एकही घाटावरचं गाव नाही. राग मानू नका. आपण कोण, कुठले, हे मला कळत नाही.”

“भाऊ!” दीनाबाई आतून म्हणाल्या. “माणूस समोर बसलाय. दिसत नाही का तुला?”

“तू थांब.” ते काकांकडे वळले. आता आवाज खाली आला होता. “डिसेंबरात आम्ही निघतो. इस्राएलला, अश्दोदला, मुलाकडे. दीनाचेही कागद झालेत. ती मागे राहिली तर परत कधी दिसेल, देव जाणे. मी तिला कोणाच्या हाती देऊन चाललोय, एवढं मला कळायला नको? एकदा दाखवा, की तुमचे लोक तिथे होते आणि आपल्यासारखे होते. दारफाळणीच्या सणापर्यंत वेळ आहे.”

दारफाळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किप्पूर. दिवसभर दार लावून घ्यायचं, कडकडीत उपास करायचा, देवाची क्षमा मागायची. बाहेर पाऊल टाकायचं नाही. तो ऑक्टोबरात होता. म्हणजे काकांजवळ अडीच महिने होते.

ऑगस्टमध्ये एका रविवारी काकांनी रजा टाकली. आम्ही सायखेड्याच्या गाडीत बसलो.

गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटली. कारण सगळा स्टँड बघायला आला. कँटीनवाला आला, हमाल आले, पासच्या खिडकीतली बाई खिडकी बंद करून आली. कंडक्टर तिकीट फाडेना. “साहेब, तुमच्याकडून? लाज वाटते.” काचेच्या खोलीतून काकांचा असिस्टंट माईकवर ओरडला, “सायखेडा गाडीत सायखेडकरसाहेब बसले आहेत! सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी!” काका खिडकीतून हात हलवत होते आणि दुसऱ्या हाताने टाय घट्ट करत होते.

सायखेड्याला उतरल्यावर पहिलं दुकान सहादूच्या चहाचं. काकांनी घसा साफ केला. “इथे सायखेडकर कोणी आहेत का?”

सहादूने गल्ल्यावरून मान वर केली. “सायखेडकर? गावात कोणी सायखेडकर नसतंय, साहेब. बाहेर गेल्यावर होतंय.”

बाकावरचे चौघे हसले. काकाही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. मी पुढे झाले. हसाजी नावाचा माणूस, शंभर वर्षांपूर्वी, तेलाचा घाणा, असं सांगितलं.

“घाणा व्हय? मग आधी सांगायचं ना. घाण्याचं घर हाय की. दारलाव्यांचं.”

“कोणाचं?”

“पुंजा माळ्याचं. गाव दारलावे म्हणतंय त्यांना. सगळ्या गावाचा दसरा असतो, आन ह्ये दार लावून घरात बसतात. सकाळधरनं सांजच्यापर्यंत. चूल पेटवत नाय, कोणाला सोनं देत नाय, घेत नाय.”

काकांच्या हातातला चहाचा ग्लास ओठांच्या वाटेत थांबला. तिथेच राहिला. मी तो काढून घेतला.

घाण्याचं घर आता घाण्याचं राहिलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी पाडून स्लॅबचं बांधलेलं. गुलाबी रंग, लोखंडी दार, गच्चीवर टाकी. मागे झेंडूचं वावर. पुंजाबाबा आणि त्यांची बायको झुंबरबाई ओट्यावर रोपं निवडत बसले होते. दोघंही साठी ओलांडलेली. आम्ही कोण, ते झुंबरबाईंनी पाणी देऊन झाल्यावर विचारलं.

काकांनी सांगितलं. पुंजाबाबा ऐकत होते. मग म्हणाले, “हसाजी तेली. व्हय. माझा आजा त्यांच्या घाण्यावर होता. हसाजीचं पोरगं रेल्वेत लागलं. म्हाताऱ्याला घेऊन गेलं मुंबईकडं. जाताना घर आज्याला देऊन गेलं.”

“आणि दार लावायचं कोणी सांगितलं?”

“सांगायचं कशाला? आजा बघायचा ना. मालक वर्सातनं एक दिस दार लावतात, उपाशी ऱ्हातात. घर आपलं झालं, मग घराची रीत बी आपली झाली.”

“पण दसऱ्यालाच का?”

“मालक गेले त्या वर्सी तो दिस दसऱ्याला आला हुता. आज्यानं तोच धरला.”

काकांनी मला नंतर समजावलं. दारफाळणी त्यांच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी असते. तो दिवस आणि आपली आश्विनातली दशमी जवळजवळ येतात. कधी महिन्याचा फरक पडतो, कधी एखाद्या दिवसाचा. कधी दोन्ही एकच. पुंजाबाबांच्या आजोबांना ते कुठून कळणार? त्यांनी दसरा पकडला आणि सोडला नाही.

“लोक लय हसतात,” झुंबरबाई म्हणाल्या. “मी नवी नवरी आले तवा रडलेच. माहेरी दसरा म्हंजे केवढा! झेंडू तोडायचा, गाड्या भरायच्या. आन इथं सासू म्हणती, दार लाव. आमी सोनं दुसऱ्या दिवशी वाटतो. गाव त्याला शिळा दसरा म्हणतंय. दारलाव्यांचा शिळा दसरा.”

काका उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहिले.

“प्रतिभा,” ते म्हणाले, “दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात भेटीगाठी असतात. दानधर्म असतो. त्या दिवसाला माझी आई काय म्हणायची, माहितेय? शिळा सण.”

आणि ते हसायला लागले. थांबेचनात. हसता हसता उचकी लागली. झुंबरबाईंनी पाठीवर थाप मारली. “ह्यांना काय झालं गं?”

“आनंद,” मी म्हणाले. मला दुसरा शब्द सुचला नाही. मराठी घेऊन बी. ए.

“आवो, पन त्या दिशी आमी नेमकं करतो काय, ते तरी सांगा. रीत तुमची हाय म्हणता ना?”

काकांनी उचकी गिळून सांगितलं. त्या दिवशी देव प्रत्येकाच्या वर्षाचा निवाडा करतो. म्हणून उपास करायचा, आणि वर्षभर जे चुकलं त्याची माफी मागायची.

झुंबरबाई नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत? शंभर वर्सं झाली आपून माफी मागतोय. आन आपल्याला ठावंच नाय.”

“कशाची माफी?” पुंजाबाबा म्हणाले.

“तुमाला लय हायेत. मी सांगते घरात.”

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले. चांदोरीचा पूल आला तेव्हा एकदम म्हणाले, “चूल पेटवत नाहीत, प्रतिभा.” ओढ्याला म्हणाले, “शंभर वर्षं.” मग नाशिक आलं.

मोझेसभाऊंना आम्ही पत्र लिहिलं. चार पानी. काकांनी माझी सगळी लांब वाक्यं तोडली. आठ दिवसांनी फोन आला. “ऐकीव माहिती आहे,” मोझेसभाऊ म्हणाले. “तुम्ही जाऊन बोललात. त्यांनी सांगितलं. लोक पाहुण्याला बरं वाटेल ते सांगतात. कोणी डोळ्यांनी पाहिलंय?”

आम्ही कालनिर्णय काढलं. त्यांचं पंचांग काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. दसरा, शनिवार, अकरा ऑक्टोबर. दारफाळणी, शनिवार, अकरा ऑक्टोबर. त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी.

काका आधी नाचले. मग मटकन खाली बसले. कारण डोळ्यांनी बघायचं तर त्याच दिवशी बघायला हवं. आणि त्या दिवशी काका घराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. मोझेसभाऊही नव्हते. जगात ज्याला ज्याला ते दार बघायचं होतं तो तो स्वतःच्या दाराआड असणार होता.

दोघांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. म्हणजे काकांची. मोझेसभाऊंची फोनवरून.

“दसऱ्याच्या दिवशी?” आई म्हणाली. “पुरण शिजायचंय, पाटीपूजन व्हायचंय, आणि तू बंद दार बघायला चाललीस?”

मी म्हणाले, हो.

काकांनी आदल्या संध्याकाळी, दार लावायच्या आधी, मला सूचना दिल्या. कॅमेरा ने. सकाळी पोच. समोर बस. दुपारी दार वाजव. “उघडलं तर?” मी विचारलं. “उघडलं तर दीनाला तिकडे अश्दोदला पत्र लिहीत बसेन,” ते म्हणाले. आणि हसले, पण नीट नाही. मग त्यांनी दार लावलं.

अकरा तारखेला गाडीच्या रेडिएटरला झेंडूची माळ होती, स्टेअरिंगला होती, कंडक्टरच्या पेटीलाही होती. सायखेड्यात ट्रॅक्टर धुऊन पुसून पूजेला उभे. दारोदार तोरणं. सगळ्या गल्लीत एकच दार बंद होतं. गुलाबी घर, लोखंडी दार, वर तोरण नाही. मी समोरच्या ओट्यावर बसले. मला कमालीचा आनंद झाला. आयुष्यात बंद दार बघून मला कधी इतकं बरं वाटलं नाही, आधी किंवा नंतर.

त्या घरातल्या गोजराबाई बाहेर आल्या. “कोणाची वाट बघतीस गं?”

“कोणाची नाही. दार बघतेय.”

“त्ये उघडायचं नाय आज.”

“म्हणूनच बघतेय.”

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि आत जाऊन सुनेला बोलावून आणलं. सुनेने शेजारणीला आणलं. बारा वाजेपर्यंत सात-आठ जणी माझ्याभोवती बसून बंद दार बघत होत्या. एकीने करंज्या आणल्या. “दारलाव्यांच्या दाराला आज लय गर्दी,” गोजराबाई म्हणाल्या.

दुपारी मी उठले. दार वाजवलं. लोखंडी दार फार मोठ्याने वाजलं.

आतून झुंबरबाईंचा आवाज आला. “उद्या या!”

“झुंबरबाई, मी प्रतिभा.”

“ठावं हाय. फटीतनं सकाळपासनं दिसतीस.”

“काकांनी वाजवायला सांगितलं होतं.”

“वाजवलंस ना? मग जा आता. चहा आज नाय.” मग पुन्हा, “उन्हात बसू नको. गोजराबाईकडं जेव.”

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढले. तीन, दाराचे. एक, गोजराबाईंचा, त्यांनी सांगितलं म्हणून.

संध्याकाळी नाशिकरोडला जिना धावत चढले. काकांचं दार बंद होतं. अर्थातच. चांदण्या दिसेपर्यंत उघडणार नव्हतं. मी पायरीवर बसून राहिले. आईने खालून दोनदा हाक मारली. सात वाजता कडी वाजली. काका पांढऱ्या कपड्यांत उभे होते. दिवसभराच्या उपासाने डोळे आत गेलेले.

“उघडलं?”

“नाही.”

“वाजवलंस?”

“वाजवलं. ‘उद्या या’ म्हणाल्या.”

ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. मी पिशवीतली करंजी काढून दिली. त्यांनी उपास तिच्यावर सोडला.

मग ठाण्याला फोन. मोझेसभाऊ म्हणाले, “फोटो काढले? बंद दाराचे? तसे मी इथे बसून पन्नास काढून देतो.” काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावला. दीनाबाई. आवाज एवढा चढलेला की मलाही ऐकू आला. “उद्या शिळा सण आहे. भेटीगाठी करायच्याच असतात. उद्या मी सायखेड्याला भेट द्यायला निघालेय. भाऊला यायचं तर येईल.”

भाऊ आला. वही घेऊन आला.

रविवारी तपोवन एक्स्प्रेसने ती दोघं नाशिकरोडला उतरली आणि आम्ही चौघं जीपमध्ये बसलो. मोझेसभाऊ पुढे ड्रायव्हरपाशी. मागे काका आणि दीनाबाई, मध्ये मी. दीनाबाईंनी घरचा, नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा आणला होता. त्या तो माझ्या मांडीवरून काकांना देत होत्या. काका खात होते आणि दर घासाला “नारळ बरोबर आहे” म्हणत होते. चांदोरीपर्यंत डबा संपला.

घाण्याच्या घराचं दार सताड उघडं होतं. तोरण लागलं होतं. लोक सोनं द्यायला येत होते, म्हणजे आपट्याची पानं, आणि येता येता टोमणे मारत होते. “झाला का उपास? भूक लागली का, पुंजा?” झुंबरबाई प्रत्येकाच्या ओंजळीत काहीतरी घालत होत्या. मूठभर गहू, गुळाचा खडा, झेंडू.

मोझेसभाऊंनी खुर्चीवर बसून वही उघडली. “हसाजींचं मूळ गाव कुठलं?”

“मूळ?” पुंजाबाबा म्हणाले. “समुद्राकडचं कुठलं तरी. आजा सांगायचा, मालकाच्या आज्याच्या आज्याचं जहाज फुटलं म्हनं. आमी समजायचो, गोदावरीत फुटलं.”

मोझेसभाऊंचं पेन थांबलं. पण त्यांनी वही मिटली नाही. “गावाचं नाव?”

“ते काय नाय सांगता येनार.”

“तुमी कुठले?” झुंबरबाईंनी मध्येच विचारलं.

“नवखार. आम्ही नवखारकर.”

“तिकडं पाऊस कसा काय यंदा?”

“मी ठाण्यात असतो.”

“जाऊन येऊन असाल ना?”

“नाही.”

“कवाच नाय?”

मोझेसभाऊ वहीकडे बघत राहिले. त्यात त्या गावाचा तालुका होता, किनाऱ्यापासूनचं अंतर होतं. “कधीच नाही,” ते म्हणाले. “वडीलही गेले नव्हते.”

झुंबरबाईंनी त्यांच्यापुढे गुळाचा खडा धरला. “आसू द्या. मोठी मानसं कामात असतात.”

पुंजाबाबा सोनं घेऊन पुढे आले. मोझेसभाऊंच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. मग तोच हात आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये धरला. अलगद. सोडला. आणि स्वतःची बोटं ओठांना लावली.

मोझेसभाऊंचा हात आपोआप वर गेला. त्यांनीही बोटं ओठांना लावली. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं. ते उभे राहिले. वही मांडीवरून खाली पडली.

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“ह्ये?” पुंजाबाबा गोंधळले. “शिळ्या दसऱ्याला असंच करायचं. बा करायचा. त्याचा बा करायचा. चुकलं का काय?”

काका माझ्या कानाशी कुजबुजले, “प्रार्थना झाली की सिनेगॉगात आम्ही एकमेकांना असंच भेटतो. हात देतो, बोटं ओठांना लावतो.” पुंजाबाबाही असं करतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ऑगस्टात कोणी दाखवलं नव्हतं, कारण तो दिवस नव्हता.

मोझेसभाऊंनी आपले दोन्ही हात पुढे केले. या वेळी मुद्दाम. पुंजाबाबांचा हात मध्ये धरला. मग झुंबरबाईंचा. मग सहादू आला होता, त्याचा. गोजराबाईंचा, त्यांच्या सुनेचा, जीपच्या ड्रायव्हरचा, माझा. अंगणातलं एकही माणूस सोडेनात. बँकेत आयुष्यभर काउंटरमागे बसलेला माणूस, गावातल्या बायाबापड्यांचे हात धरत आणि बोटं ओठांना लावत अंगणभर फिरत होता. सहादूचा हात त्यांनी दोनदा धरला.

“भाऊ,” दीनाबाई म्हणाल्या, “माणसं संपली. आता बस.”

ते बसले. घाम पुसला. काकांकडे पाहिलं. “सायखेडकर,” ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. “डिसेंबरच्या आत करायला हवं.”

माईकवाल्या माणसाचा आवाज गेला होता. त्यांनी नुसती मान हलवली, पाच-सहा वेळा.

मग तारखेवरून भांडण लागलं. मोझेसभाऊ म्हणाले, शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार नाही, शब्बाथचा विसावा असतो. पुंजाबाबा म्हणाले, बाजाराच्या दिवशी नाही, झेंडू असतो. काका पहिल्यांदा बोलले ते ड्यूटीचं. सहादूलाही एक वार चालत नव्हता. “तुझं काय काम तिथं?” असं कोणी विचारलं नाही. शेवटी नोव्हेंबरातला तेवीस तारखेचा रविवार उरला. झुंबरबाईंनी बोटांवर तिथी मोजली. “नवमी. चालंल.”

“सहा आठवडे!” दीनाबाई म्हणाल्या. “एवढं कशाला थांबायचं?”

“तुळशीचं लगीन व्हायचंय, बाई. त्याच्या आधी आमच्यात कोणाचं व्हत नाय.” झुंबरबाईंनी त्यांचा हात धरून ओट्यावर बसवलं. “आन ती तुज्यापरास लय दिस थांबलीय.”

दीनाबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यातल्या तुळशीकडे पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “तिचं आधी होऊ दे.”